फळीवरचे दोन ठोके

निरवांगी
५ जानेवारी २०२५

तात्या,

वडीलधाऱ्यांच्या पत्रावर आधी काय लिहायचं ते तुम्ही मला लाँचीच्या फळीवर ओल्या बोटानं गिरवून शिकवलं होतं. ऊन असलं की अक्षर वाळायच्या आत वाचायला लागायचं. ते सगळं पाठ आहे, पण तुम्हाला लिहिताना हात धजला नाही. म्हणून नुसतं तात्या लिहिलंय.

मी तीन आठवड्यांपासून घरी आहे. अण्णा लोकांना सांगतात, पोरगी सुट्टीवर आलीय. आई विषय बदलते. खरं म्हणजे मला बंदरातून घरी पाठवलंय. चौकशी संपेपर्यंत जहाजावर चढायचं नाही, असा कागद आहे.

तुम्हाला माझं काम नेमकं काय ते कुणी सांगितलं नसेल. गावात कुणी विमान समजतं, कुणी पोलीस बोट. मी बंदराची पायलट व्हायला शिकत होते. मोठं जहाज कुठूनही येऊ दे, त्याच्या कप्तानाला आपल्या बंदराचं पाणी माहीत नसतं. वाळू कुठं चढलीय, भरतीची ओढ कुठं आहे, धक्क्याजवळ किती जागा आहे, हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं. तो माणूस छोट्या बोटीनं समोर जातो, दोरशिडीनं वर चढतो आणि कप्तानाशेजारी उभा राहून वाट दाखवतो. तुम्ही धरणाच्या फुगवट्यावर लाँचीच्या पुढच्या टोकाला बसून हात करायचा आणि आबाजी सुकाणू फिरवायचा, तेच. फक्त जहाज एकशे नव्वद मीटर लांब असतं आणि थांब म्हटल्यावर थांबत नाही.

कायद्यात कप्तान शेवटपर्यंत जबाबदार असतो. पायलट शेजारी उभा असला म्हणून कप्तान सुटत नाही. पण पायलटनं चूक केली तर त्याचा परवाना जातो. माझ्यासारख्या शिकाऊला परवानाच नसतो. आम्ही कुणाच्या तरी हाताखाली ठरलेली जहाजं करायची, तो सही करणार, मग परीक्षा. मी राजवर्धन सरांच्या हाताखाली होते. माझी एकसष्ट जहाजं झाली होती.

बासष्टावं जहाज तेरा डिसेंबरला सकाळी आत घेतलं. धुरकं होतं. धक्क्यावरचे दिवे पिवळे डाग दिसत होते. अशा वेळी आमच्याकडे एक यंत्र असतं. त्याचा अँटेना जहाज चालवायच्या खोलीच्या डाव्या किंवा उजव्या सज्जावर ठेवायचा आणि टॅबच्या पडद्यावर जहाजाचं चित्र, धक्का, मधली जागा, सगळं मीटरमध्ये दिसतं. ते मांडायचं काम माझं.

धक्का उजव्या बाजूला होता. मागे, धक्क्याच्या बाजूला, एक टग बांधला होता. टग म्हणजे जहाज ओढणारी छोटी ताकदवान बोट. जहाज धक्क्याला टेकायच्या आत तिला मधून बाहेर काढायचं असतं. सरांना वाटलं अजून जागा आहे. जागा नव्हती. टग अडकला, दोर ताणून तुटला आणि टगवरच्या म्हस्कू नावाच्या खलाशाच्या उजव्या हातावर आला. कोपराखालचा हात वाचवता आला नाही.

तात्या, पडद्यावरचं चित्र आणि खिडकीतून दिसणारा धक्का जुळत नव्हते, हे मला दोर तुटायच्या आधी दिसलं होतं. माझ्या हिशेबानं चाळीस सेकंद तरी होती. मी बोलले नाही. सर हुकूम देत होते. एक जण वाट दाखवत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हे माझ्या अंगात तुमच्या लाँचीवर मुरलं.

आठवतं का, मी नऊ वर्षांची होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं, जुन्या गावच्या बाभळींचे खुंट वर यायला लागले होते. मी पुढं बघून "खुंट, खुंट" म्हणून ओरडले. आबाजीनं तुमचा हात न बघता सुकाणू मारलं, लाँच कलली आणि दुधाचे दोन कॅन पाण्यात गेले. तो पाणकावळा होता. नंतर वर्षभर लोक मला बघून म्हणायचे, "पोरी, आज पाणकावळं किती हायती? म्हंजी दूध घरीच ठिवतो." तुम्ही मला मारलं नाहीत. म्हणालात, "मी हात करतोय तवर तू बोलायचं न्हाय. दोघं बोलाय लागल्यावर सुकाणूवाल्यानं कुणाचं ऐकायचं?"

ते मी एकोणीस वर्षं पाळलं. तुम्हाला दोष देत नाही. फक्त असं झालं हे कुणाला तरी सांगायचं होतं.

चौकशीत यंत्र तपासलं, ते बरोबर निघालं. सरांनी लिहून दिलंय की त्यांचा अंदाज चुकला.

काकींना नमस्कार.

स्वप्नाली


निरवांगी
१४ जानेवारी २०२५

तात्या,

संक्रांत आहे. आईनं तिळगुळाचा डबा पणदऱ्याला तुमच्याकडे पाठवायचा म्हणून भरला आणि परत फडताळात ठेवला. सात वर्षं हेच चाललंय.

त्या अर्जाबद्दल मी कधीच बोलले नाही. तुम्हीही नाही. आता लिहिते.

मी समुद्रावरची पहिली सफर करून सुट्टीवर आले होते, एकवीस वर्षांची. आल्या आल्या तुमच्या लाँचीत बसले. तुम्ही लहानपणी मला माणसं मोजायला लावायचा, तशी सवयीनं मोजली. एकतीस माणसं, सहा मोटारसायकली. वीसची लाँच. अंगात घालायचं जाकीट एकाच्याही नाही. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आगं, हितलं पाणी मला वळखतं." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी कचेरीला तक्रारीचा अर्ज लिहिला, आकड्यांसकट, आणि खाली नाव न घालता टपालात टाकला. पंधरा दिवसांनी लाँच काठावर ओढून सील लागलं.

मला वाटलं होतं, ताकीद मिळेल, जाकिटं येतील. हे खोटं नाही. पण असं होईल हे मला अजिबात ठाऊक नव्हतं, हे म्हणणंही खरं नाही. नियम मी नुकतेच शिकले होते.

काकी नंतर म्हणाल्या, तात्यांना कचेरीत अर्ज दाखवला. त्यांनी वाचला न्हाय, नुसता बघितला. अक्षर वळखलं. मग तुम्ही घर मोडलं आणि काकींच्या माहेरी पणदऱ्याला गेलात, गाईंच्या गोठ्यावर. तिथं आजूबाजूला उसाशिवाय काही नाही. पाणी आहे ते पाटाचं, मापून सोडलेलं.

मी चूक केली की बरोबर, हे मला अजून ठरवता येत नाही. नाव घातलं नाही ती चूक होती, एवढं ठरलंय.

परवा बारामतीला विजयमाला वकील बाईंकडे गेले होते. त्यांनी सगळे कागद वाचले. बंदराच्या कामातलं मला कळत नाही, पण कागद कळतात, असं आधीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्यावर काही येत नाही. तू शिकाऊ. तुझा जबाब एका ओळीचा आहे, यंत्रात काही वेगळं आढळलं नाही. जहाजावरच्या आवाजाच्या नोंदीत तू दोर तुटायच्या आधीची वीस मिनिटं एक शब्द बोललेली नाहीस. जो बोलला नाही त्याला कुणी धरत नाही. गप्प राहा, सुनावणी पाच फेब्रुवारीला संपेल, तू परत कामावर."

"आणि सर?"

"सरांनी स्वतः कबूल केलंय. त्यांचा परवाना जाणार. अठ्ठावीस वर्षं झालीत ना त्यांची? पुरे झाली की."

मी सरांना फोन केला. त्यांच्या पत्नीनं उचलला. म्हणाल्या, ते कुणाशी बोलत नाहीत. सकाळी गच्चीवर उभे राहून समोरच्या टाकीपर्यंत किती अंतर असेल ते बोलतात आणि मग टेप घेऊन मोजायला खाली जातात. परवा गाडी चालवायची सोडली. मला म्हणाल्या, "तू सोबत होतीस ना? त्यांना सांग ना, धुरकं होतं म्हणून. यंत्र बरोबर असताना मला जागा का दिसली, एवढंच म्हणतात."

मी म्हटलं, सांगते. फोन ठेवला.

तुम्ही पत्राचं उत्तर देणार नाही हे मी धरून चालले आहे. तरी लिहिलं.

स्वप्नाली


निरवांगी
२२ जानेवारी २०२५

तात्या,

काल काकींचा फोन आला. जसं झालं तसं लिहिते.

"छकुली, दोन्ही पत्रं आली बरं का."

"तात्यांनी वाचली?"

"वाचली म्हंजी काय. धारा काढून झाल्या की चष्मा लावायचा, वाचायचं, घडी घालायची, बंडीच्या खिशात. परत दुपारी तेच. मी म्हणलं, काय ल्हिवलंय पोरीनं, तर म्हणं तुझ्या कामाचं न्हाय. घडीवर फाटाय आलाय कागद."

"काही म्हणाले का?"

"न्हाय बा. आज मातर म्हणलं, तिला एक इचार. मी म्हणलं, तुमीच इचारा की, फोन हाय हितं. तर गोठ्यात निघून गेलं. मग तितनंच वरडलं."

"काय?"

"म्हणलं, चित्र जुळत नव्हतं म्हणती, अन् यंत्र बरुबर निघालं म्हणती. मग मधी ते बरुबर केलं कुणी? मला काय कळलं न्हाय. तुला कळलं का?"

मी कळलं म्हणाले. काकी म्हणाल्या, "जेवलीस का?"

तात्या, वकील बाईंनी सगळे कागद वाचले, चौकशीच्या तीन साहेबांनी वाचले, बंदराच्या माणसांनी वाचले. कुणी हे विचारलं नाही. तुम्ही गोठ्यातून विचारलंत.

मी केलं.

अँटेना आधी उजव्या सज्जावर होता. सर म्हणाले, उजवीकडे दोर बघायला माणसं येतील, पायात येईल, डावीकडे ने. मी नेला. यंत्राला ते आपोआप कळत नाही. कुठल्या बाजूला ठेवलंय हे टॅबमध्ये बोटानं निवडून सांगावं लागतं. ते मी विसरले. जहाज बत्तीस मीटर रुंद होतं. यंत्राला वाटत राहिलं अँटेना उजवीकडेच आहे, म्हणून त्यानं चित्रातलं जहाज धक्क्यापासून बत्तीस मीटर लांब काढलं. जी जागा नव्हती ती सरांना दाखवली. सरांचा अंदाज कधी चुकलाच नाही.

मला खिडकीतून धक्क्याचा दिवा जवळ दिसला आणि त्याच क्षणी कळलं काय राहिलंय. तेव्हाच बोलले असते तर सरांनी इंजिन मागे घेतलं असतं. चाळीस सेकंद पुरली असती की नाही, हे मी रोज हिशेब करून बघते. कधी पुरतात, कधी पुरत नाहीत.

आणि पहिल्या पत्रात मी तुमचा नियम अर्धाच लिहिला. तुम्हाला ते तिथंच कळलं असणार. बोलायचं न्हाय म्हणाल्यावर तुम्ही पुढं म्हणालात, "पर काय दिसलं तर फळीवर दोन ठोकं मार. मी मागं बघतो." त्यानंतर मी किती वेळा फळी वाजवली असेल. निम्म्या वेळा काही नसायचं. तुम्ही दर वेळी मागं बघितलं, एकदाही चिडला नाहीत. सरांनीही पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं, चुकीचं वाटलं तरी बोल, मी रागावणार नाही. ठोके मारायला मला कुणी मना केलेलं नव्हतं.

मी गप्प बसले कारण चूक माझी होती. बोलले तर ती उघडी पडणार होती. मला वाटलं सर खिडकीतून बघतील, त्यांचं त्यांना कळेल, माझं नाव न येता निभावेल. अर्ज लिहिताना जसं वाटलं होतं तसंच.

मग दोर तुटला. खालून ओरडा आला. कप्तान एका सज्जावर, सर दुसऱ्यावर. टॅब माझ्या हातात होता. मी डावी बाजू निवडली. चित्र सरकून धक्क्याला चिकटलं. एका बोटाचं काम. त्या टॅबमध्ये फक्त शेवटची निवड राहते, आधी काय होतं ते राहत नाही, हे मला माहीत होतं. सर आत आले, टॅब मागून घेतला आणि खूप वेळ बघत राहिले. मला म्हणाले, "हे तर बरोबर दाखवतंय." मी हो म्हणाले.

त्या वीस मिनिटांनंतर मी बोललेला तो पहिला शब्द. दोर तुटल्यानंतरचा म्हणून तो त्या नोंदीच्या पुढच्या पानावर आहे. कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

सर गच्चीवर उभे राहून अंतरं मोजतात ती या एका शब्दामुळे.

मला आता काय करायचं ते कळतं. भीती वाटते. तुम्ही काही सांगू नका.

स्वप्नाली


बारामती
३१ जानेवारी २०२५

तात्या,

हे पत्र वकील बाईंच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहिते आहे. आत टायपिंग चाललंय.

अण्णांना काल सांगितलं. त्यांनी डाळिंबाला पाणी सोडलं होतं, ते बघत उभे राहिले. म्हणाले, "एवढं शिकवलं ते ह्यासाठी व्हय?" मग म्हणाले, "ज्याचा हात गेला तो काय म्हणतो?" मी सांगितलं, मला माहीत नाही, मी त्याच्याकडे गेलेच नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि वाफा बदलायला गेले. पाणी भरून वाहत होतं.

वकील बाईंनी आज पुन्हा समजावलं. "नीट ऐक. आत्ता तुझ्यावर काही नाही. ह्या कागदावर सही केलीस की खोटा जबाब आला, पुराव्यात फेरफार आला. पायलट तर तू होणारच नाहीस, समुद्रावरची जुनी सर्टिफिकिटं राहतील की नाही तेही मी सांगू शकत नाही. पोलिसांकडेही जाऊ शकतं. आणि सर पूर्ण सुटतील असंही नाही. यंत्र तपासून घेणं हे परवानावाल्याचं काम. शिकाऊनं मांडलं तरी. ते त्यांना विचारणारच."

"पण त्यांचा अंदाज चुकला नव्हता, हे कळेल ना?"

"ते कळेल."

"मग टाईप करा."

त्यांनी कपाटातल्या फायली चाळल्या. म्हणाल्या, "वीस वर्षांत माझ्याकडं कुणी स्वतःविरुद्ध प्रतिज्ञापत्र करायला आलं नव्हतं. फॉर्मॅट सापडेना." हसल्या नाहीत.

सरांना मी तुम्हाला लिहिते तसंच पत्र लिहिलं. दोनच पानं. यंत्र कोणत्या बाजूला होतं, मी कधी बदललं आणि त्यांना जी जागा दिसली ती मी दाखवली होती. माफी मागितली नाही, कारण मग त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. आज सकाळी त्यांच्या पत्नीचा मेसेज आला. पत्र मिळालं. त्यांनी वाचलं. गच्चीवर गेले नाहीत. दार लावून बसलेत. एवढंच. ते सुटल्यासारखे बसलेत की माझ्यावरच्या रागानं, हे त्यांच्या पत्नीनं लिहिलं नाही आणि मी विचारणार नाही.

म्हस्कूला डाव्या हातानं सही करायची सवय लागते आहे, असं बंदरातल्या एकीकडून कळलं. त्याच्याकडे सुनावणी झाली की जाणार आहे. तिथं काय बोलायचं ते मला येत नाही.

(थोड्या वेळानं.)

सही झाली. सहा पानं. नोटरीनं प्रत्येक पानावर सही घ्यायला लावली. बाईंनी तीन प्रती केल्या. एक चौकशीला रजिस्टर पोस्टानं आत्ताच गेली, पावती माझ्याजवळ आहे. एक मला. तिसरी कुणाला लागणार आहे, असं बाईंनी विचारलं. मी पणदऱ्याचा पत्ता सांगितला.

पणदऱ्याची एस.टी. ऑफिससमोरच्या स्टँडवरून सुटते. अर्ध्या तासाचा रस्ता. मी तिकडच्या फलाटावर जाऊन उभी राहिले होते. एक गाडी भरली, गेली. मग बाकड्यावर परत आले. तुम्ही बोलावलेलं नाही. न बोलावता आले तर तुम्हाला गोठ्यातून बाहेर यावं लागेल, नाहीतर आतच थांबावं लागेल. दोन्ही तुम्हाला अवघड. म्हणून टपालानं पाठवते.

तुम्ही विचारलं नसतंत तर मी पाच तारखेपर्यंत गप्प बसले असते. हे लिहायला हवं म्हणून लिहिते. लाँचीवर मी ठोके मारायचे आणि तुम्ही मागं बघायचा. या वेळी ते उलटं झालं.

प्रत सोबत जोडली आहे. मजकूर मशीनवर टाईप केलेला आहे, पण प्रत्येक पानाखाली माझं पूर्ण नाव आहे, तुम्ही फळीवर शिकवलं तसं, सुटं सुटं. या वेळी तुम्हाला अक्षरावरून ओळखावं लागणार नाही.

स्वप्नाली